निकाफुशीच्या दोणीला ओढणारे हात

मी एक जुनी दोणी आहे, मित्रांनो, आणि समुद्र समोर असूनही वाळूवर पडून आहे. दोणी म्हणजे आमच्या मालदीवची मासेमारीची होडी. पुढची नाळ उंच आणि आत वळलेली, अंग सगळं नारळाच्या लाकडाचं. सागाचा थाट आमच्या नशिबी नाही. आमच्याकडे डोंगर नाही, नदी नाही, रान म्हणावं असं रान नाही. समुद्रात प्रवाळाची कंकणं आणि त्या कंकणांवर वाळूचे ठिपके, एवढाच आमचा देश. लांबचं पाहायचं तर माडावर चढावं लागतं.

जगाने आमची पहिली चौकशी केली ती कवड्यांसाठी. तुम्ही रागावलात की ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणता ना, ती कवडी कदाचित आमच्याच उथळ पाण्यातून निघालेली असेल. मग आमच्या सुक्या मासळीला मागणी आली, ती गलबतं भरभरून सिलोनला जाई. आता आमच्याकडे ऊन पडतं म्हणून लोक येतात.

माझा जन्म निकाफुशी बेटावर झाला, सुलतानाच्या राजवटीच्या अखेरीस. माझा पुढचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, इद्रीस; त्याच्या बापाने अंगणातले माड माझ्यासाठी तोडले. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठासला आणि वरून मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, तेलाचा हात फिरवला. त्या वासाने तुम्ही नाक दाबाल. मला तो वास अजून हवासा वाटतो.

बापामागे इद्रीसने मला चालवलं. पहाटे प्रवाळाच्या कडेला बारीक मासे जिवंत धरायचे, माझ्या पोटातल्या पाण्यात ठेवायचे आणि खोल समुद्रात जायचं. तिथे कुप्यांचा, म्हणजे ट्यूना माशांचा, थवा दिसला की ते बारीक मासे उधळायचे. कुपे वेडे होऊन वर येत, आणि माणसं बांबूच्या गळांनी त्यांना सपासप उचलून माझ्या अंगावर टाकत. संध्याकाळी घराघरात कुप्याचं सार शिजे. फार मोठी वाटे मी स्वतःला तेव्हा.

पण मी काही नुसत्या शिडावर आणि इंजिनावर जगले नाही. लाकडाला पाण्यातली कीड लागते, म्हणून दर मोसमाला मला वाळूवर ओढून सुकवावं लागे, तेल द्यावं लागे आणि पुन्हा पाण्यात लोटावं लागे. हे एका घराचं काम नव्हे. इद्रीस मशिदीतून बाहेर पडला की गल्लीगल्लीतून हाक देत जाई, “दोणी ओढायची आहे!” तेवढं पुरे. सुतार हातातलं काम टाकून येई, मास्तर शाळा सोडून येत. इद्रीस सूर धरी आणि सगळं बेट दोर धरून झील ओढी. मजुरी कुणी मागत नसे. काम झालं की खोबरं, कांदा आणि मासळी कालवलेली मस हुनी, गरम रोशी आणि चहा.

रोशी लाटणारी झुलेखा, इद्रीसची बायको. तिची जीभ तिच्या लाटण्यापेक्षा जलद चाले.

“ओढायला अर्धं बेट आणि खायला सगळं,” ती म्हणे. “हा कुठला न्याय?”

“दोर धरणाऱ्याने खाऊ नये की काय?” इद्रीस विचारी.

“खावं की. पण त्या कासिमने दोर धरला नव्हता, दोराला टेकून उभा होता तो.”

कासिमसह सगळे हसत, आणि कासिम आणखी एक रोशी घेई.

मग शेजारच्या ओसाड बेटावर हॉटेल आलं. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. बायकांनी तिथल्या छपरांसाठी झावळ्या विणल्या. पोरांना कामं मिळाली, आजारी माणसाला राजधानीला न्यायला जलद लाँच मिळाली. पण आम्ही बारीक मासे धरत होतो तो प्रवाळ त्याच बेटाला लागून होता. पाहुण्यांना तेच मासे पाण्यात तोंड घालून पाहायचे होते. आम्हाला तिथे बंदी झाली. इद्रीस या चाऱ्याच्या माशांसाठी लांब लांब जाऊ लागला आणि पुष्कळदा रिकामा परत येऊ लागला.

त्या वर्षी मला ओढायची वेळ आली तेव्हा त्याचा मुलगा शिफाऊ त्याला अडवायला आला.

“बप्पा, थांब जरा. हॉटेलवाले या आठवड्यात पुन्हा माणसं घेतायत. मीही चाललोय. आज ओढशील, पण परत लोटायला कोण राहणार?”

“कोण म्हणजे? बेट कुठे पळून चाललंय?”

“बेट नाही रे, माणसं चाललीत.”

“हाक दिली की येतात माणसं. तू तुझी पिशवी भर.”

इद्रीस हसत होता. मीसुद्धा त्याच्याच बाजूची होते. आम्हा दोघांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. भरतीला मला वर ओढलं, माडांच्या सावलीपर्यंत. इद्रीसने सगळे सांधे उकरून नवा काथ्या भरला आणि तेलाचे हात दिले. मला नवी केली म्हणा ना. मग त्याने हाक दिली.

म्हातारे आले. कासिम आला, आता खरोखरच टेकायला काठी घेऊन. झुलेखा कणीक तशीच टाकून आली आणि शेजारणींना घेऊन दोराला लागली. इद्रीसने सूर धरला. मी वीतभर सरकले आणि वाळूत रुतले. सगळे धापा टाकत खाली बसले. त्या दिवशी झुलेखा कुणाला काही बोलली नाही. तिने सगळ्यांना रोशी वाढली आणि पुष्कळ रोशी उरली.

“इद्रीस बेबे,” थोरल्या माणसाला आमच्याकडे म्हणतात तसं कासिम म्हणाला, “हॉटेलच्या लाँचला सांग ना. दोर बांधून ओढून देतील एका दमात.”

“नको.”

“अरे, हट्ट कसला करतोस?”

“हट्ट नाही, कासिम. लाज वाटते. मी हाक दिली आणि लोक आले नाहीत, हे लाँचवाल्यांना कुठल्या तोंडाने सांगू?”

पोरं सुट्टीवर येत, पण एकेकटी. एक आला की दुसऱ्याची सुट्टी संपलेली. इद्रीस रोज येऊन माझ्यापाशी बसे. माझी मान समुद्राकडे होती आणि ऊन माझ्या फळ्या चिरत होतं. मित्रांनो, दोणीला वादळाने मरण येतं असं तुम्हाला वाटत असेल. दोणी कोरडी राहून मरते.

किती मोसम गेले कोण जाणे. एके दिवशी शिफाऊ आला. हॉटेलला मी हवी होते. “रंग देतील, डोक्यावर छप्पर घालतील,” तो म्हणाला. इद्रीस खाली बघत वाळू उकरत राहिला. मग शिफाऊ म्हणाला, “आणि बप्पा, ओढायला तिथे सगळी आपलीच पोरं आहेत.”

इद्रीसने मान वर केली. “पाण्यात लोटतील?”

“ओढतील,” शिफाऊ म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

मला तराफ्यावर चढवून इथे आणलं. दर गुरुवारी संध्याकाळी पाहुण्यांना बेटावरचं जुनं जीवन दाखवतात, त्यात मी आहे. फुलाफुलांचे सदरे घातलेली निकाफुशीची पोरं मला छपराखालून ओल्या वाळूपर्यंत ओढतात, थांबतात आणि मागे नेतात. पाहुणेही दोराला हात लावून फोटो काढून घेतात. पाणी हातभर लांब राहतं.

एका गुरुवारी हाक द्यायला खऱ्या तांडेलालाच बोलावलं. इद्रीस पांढरा सदरा घालून आला. आधी त्याने माझ्या नाळेवर हात ठेवला, मग पोरांकडे पाहिलं. एकेकाला त्याने नावाने ओळखलं.

“बेबे, ओल्या वाळूपर्यंतच हं,” एक जण हळूच म्हणाला.

“बरं.”

त्याने सूर धरला, पोरांनी झील ओढली, आणि मी इतकी सरसर निघाले की माझाच विश्वास बसेना. ओली वाळू आली. हॉटेलच्या साहेबाने हात वर केला. इद्रीस थांबला नाही. त्याच्या घरची रोशी खाल्लेली ती पोरं, तीही थांबली नाहीत. पहिली लाट माझ्या कण्याखाली शिरली आणि मी उचलली गेले. देवाशपथ सांगते, मी तरंगले.

मग प्रत्येक सांध्यातून पाणी आत आलं. मी एका अंगाला कलले आणि गुडघाभर पाण्यात बसले. पाहुण्यांना वाटलं, खेळ असाच संपतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इद्रीस पाण्यात उतरला आणि एका सांध्यावर दोन्ही तळहात दाबून उभा राहिला. बाकीचे सांधे उघडेच होते.

“बप्पा, सोड आता,” शिफाऊ त्याच्या खांद्याला धरून म्हणाला. “सगळा भिजलास.”

“मी नीट केली होती रे हिला. तेल दिलं होतं.”

“माहीत आहे मला.”

“मग तुम्ही सगळे होतात कुठे?”

शिफाऊने पाण्यापलीकडे पाहिलं. “इथेच होतो, बप्पा. इथून दिसतं आपलं बेट.”

पाहुण्यांना तो शेवट फार आवडला. आता दर गुरुवारी मला तेवढ्याच पाण्यात नेऊन बसवतात आणि टाळ्या वाजल्या की बाहेर काढतात. बाकी माझी काळजी उत्तम घेतात. रोज पुसतात, वर्षाला रंग देतात.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगत नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण तुमच्या गावात कुणी छप्पर चढवायला, विहीर उपसायला, होडी लोटायला हाक देत असेल, तर हातातलं टाकून जा. सुट्टी मिळाली की जाऊ म्हणू नका. हाक देणारं माणूस दोनदा-तीनदा वाट बघतं, मग तोंड मिटतं. निकाफुशीवर आता कुणी हाक देत नाही.