कालीबाईचा मोर

बीनणीने, म्हणजे नातसुनेने, आपल्याला दुकानातून काढून टाकलं, असं इचरजबाई सकाळपासून येईल त्याला सांगत होत्या. दूधवाल्याला सांगून झालं, समोरच्या भांडीवाल्या बन्सीलालला सांगून झालं, आणि ऐकायला कोणी नसेल तेव्हा त्या कापडाच्या ठाणांना ऐकवत होत्या.

"अक्कलकुव्यात दुकान सांभाळता सांभाळता माझे गुडघे गेले. सासऱ्यांनी काढलं नाही, नवऱ्याची तर हिंमतच नव्हती. आणि कालची पोरगी फोनवर बोट फिरवते, की मी गायब!"

नातसून रक्षा आतल्या खोलीत पिशव्यांच्या घड्या घालत होती. ती हसली नाही की उलट बोलली नाही. इचरजबाईंचा राग त्यानेच वाढला. भांडायला समोरून कोणीतरी लागतं.

झालं होतं असं. दुकानामागच्या खोलीत रक्षाने छपाईचं मशीन बसवलं होतं. जाड कापडाच्या पिशव्या छापायच्या आणि ऑनलाइन विकायच्या. पिशवीवर एक मोर आणि एक घोडा. जाहिरात केली रक्षाच्या नवऱ्याने, नमनने. फोटोत लाल चुनरी घेतलेल्या इचरजबाई, हातात ब्रश, आणि खाली ओळ: 'आमच्या दादीने स्वतःच्या हाताने रंगवलेली पिशवी.' ब्रश शेजारच्या पेंटरचा होता. इचरजबाईंनी उभ्या जन्मात दारात साधी रांगोळीही सरळ काढली नव्हती. पण फोटो आला होता फक्कड! तो बघून पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंनी लग्नसराईसाठी गठ्ठ्याने पिशव्या मागवल्या. मशीन आल्यापासूनचं हे पहिलं मोठं गिऱ्हाईक. ते टिकलं तर रक्षाचा धंदा उभा राहणार, नाहीतर त्या खोलीत पुन्हा रिकामी खोकी.

आणि ऐन वेळी रक्षाने जाहिरातीतून तो फोटो काढून टाकला, 'मशीनवर छापलेली' असं लिहिलं आणि मोर-घोड्याची विक्रीच थांबवली.

"दादीसा, पिशवी तुम्ही रंगवलेली नाही," ती म्हणाली. "आणि मोर आपला नाही."

"आपला नाही म्हणजे? कालीबाई काय परकी आहे?"

कालीबाई वरच्या डोंगरातल्या गावची, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिच्या मुलाच्या लग्नाला इचरजबाई नमनला घेऊन खास जीप करून गेल्या होत्या, सोबत आहेर नेला होता. कालीबाईने रंगवलेल्या भिंतीचा फोटो नमनने तिथेच काढला आणि पुढे तोच पिशवीवर छापला. तिला विचारलं नव्हतं. घरोब्याच्या माणसाला विचारणं म्हणजे त्याला परकं करणं, हा इचरजबाईंचा कायदा. शेजारणीकडे मीठ मागताना कोणी अर्ज करतं का?

"भिंत बघायला बोलावलं होतं त्यांनी, विकायला नाही," रक्षा म्हणाली. "चित्र ज्याने काढलं त्याचं. त्याने हो म्हटल्याशिवाय छापायचा हक्क कोणालाच नाही. आहेर केला म्हणून चित्र आपलं होत नाही."

"बाजाराला येईल ना ती. तिच्याच तोंडून ऐक," इचरजबाई म्हणाल्या. त्यांना खात्री होती.

कालीबाई बाजाराच्या दिवशी आली, पाणी प्यायली, पाय पसरून बसली. रक्षाने तिच्यापुढे पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. कालीबाईने पिशवी फिरवून पाहिली आणि खो खो हसली.

"ही तं मी पाह्यली शे! मोटारमा एक पोरगी खांदाले लटकाडीसन बठेल व्हती. मी म्हन्तं, मन्ही भीतले पाय फुटनात का काय!"

इचरजबाईंचा चेहरा उतरला. "मंग बोलनी का बरं नही?"

"घरना माणूसले काय बोलानं, शेठाणी?"

हसता हसताच बोलली ती, पण इचरजबाईंच्या हातातला अडकित्ता सुपारीवरच थांबला. ज्या घरोब्याच्या जोरावर आपण विचारलं नाही, त्याच घरोब्याने हिचं तोंड बंद केलं होतं. आणि हे रक्षाला न सांगता कळलं होतं.

रक्षाने सरळ विचारलं, "मावशी, मोर छापू का? नाही म्हणालात तरी राग नाही. हो म्हणालात तर विकलेल्या प्रत्येक पिशवीमागे तुमचा हिस्सा, तो लिहून देते आणि वाचूनही दाखवते."

कालीबाईने जरा विचार केला. "मोर ल्हे. घोडा नही. घोडा देवना शे, नवसना. तो तुम्हना गिऱ्हाईकना कांदा-बटाटा काय वाही!" मग पिशवीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "आनि आठे मन्हं नाव टाक. गावना पोरे वाचतीन."

रक्षाने सगळे बदल कळवल्यावर दुपारी पुण्याच्या बाईंचा फोन आला. रक्षाचे हात रंगाने भरलेले, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. इचरजबाई दाराआडून ऐकत होत्या.

"अहो, मोर चालेल, नावही चालेल," बाई म्हणाल्या. "पण जाहिरातीतली आजी काढू नका हो. हाताने रंगवलेलं म्हटलं की लोक घेतात. कोण येतंय अक्कलकुव्याला तपासायला?"

"कोणी येणार नाही ताई, म्हणूनच खोटं लिहायचं नाही," रक्षा म्हणाली. "आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापड चुरगाळून बघतं, उलटं करून बघतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात माझ्या शब्दाशिवाय काय आहे?"

"मग राहू द्या. दुसरीकडे बघते मी."

"बघा, ताई. मशीनवर छापलेली हवी असली तर मी आहेच."

फोन बंद झाला. गिऱ्हाईक उठून निघालं की भल्याभल्यांचा आवाज मऊ पडतो, हे इचरजबाईंनी जन्मभर पाहिलं होतं. या पोरीचा आवाज तसाच राहिला. तिने डोळे मनगटाने पुसले, तेव्हा गालावर निळा रंग लागला. मग तिने कोरी पिशवी ओढली आणि मोर छापायला घेतला. घोड्याची जागा मोकळी होती, कोपऱ्यात कालीबाईचं नाव होतं.

इचरजबाई गुडघ्यावर हात देत आत गेल्या. रक्षा उभी राहिली, आता बोलणी बसणार म्हणून.

"बस," इचरजबाई म्हणाल्या. "तुझा चहा म्हणजे पाणी, तुझी जीभ म्हणजे कात्री, आणि तुझं मोठं गिऱ्हाईक तू स्वतःच्या तोंडाने घालवलंस. खोटं विकायला अक्कल लागत नाही, तुझा नवराही विकतो. खरं सांगून हात रिकामे ठेवायला छाती लागते. या घरात माझ्याहून ताठ मानेची बाई आली, हे मला मुळीच आवडलेलं नाही. पण शोभतं तुला, बीनणी. शोभतं!"