रेवणप्पांची सुधारलेली दमणी

“छपराखाली बसतो तो माणूस, अन् उघड्यावर बसतं ते जनावर!” असं बैलांच्या दमणीच्या छपरावर उभं राहून जाहीर करत रेवणप्पांनी खाली उतरायला पाय उचलला, आणि तो पाय त्यांनीच छपराला पाडून घेतलेल्या भोकात गेला. पार मांडीपर्यंत गेला.

आत बसून कामट्या बांधत असलेल्या मुंजाजी सुताराच्या नाकासमोर एक जोडा येऊन थांबला. मुंजाजीनं तो नीट न्याहाळला.

“आप्पा, हा तुमचाच हाय का?”

“माझाच हाय. वर ढकल.”

“ढकलतो. पन आप्पा, उघड्यावर बसतंय ते जनावर, तर मंग हे भोक कामून पाडायलोत आपन?”

“भोक न्हाई ते, झडप हाय,” रेवणप्पा म्हणाले. एक पाय आत आणि एक बाहेर असताना जितक्या रुबाबात बोलता येतं तितक्या रुबाबात म्हणाले. “दोरी वढली की उघडती, सोडली की मिटती. त्या मोटारीवानी न्हाई, एकदा टप पाडला की सगळंच भुंडं.”

ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, चन्नबसम्मांनी, मान वर न करता विचारलं, “मोटारीचं नाव निघालं का? मंग आज जेवायला उशीर.”

जिंतूरच्या पेठेत रेवणप्पांचं धान्याचं दुकान होतं आणि बरोबर समोर बसवंतरावांचं सरकी-कापसाचं. दोघं एकाच मठाचे, एकाच गुरूचे. बसवंतरावांचं घर मोठं होतं, दुकान मोठं होतं, आवाजही मोठा होता. रेवणप्पांनी ते सगळं पोटात घातलं होतं, कारण त्यांच्यापाशी एक गोष्ट अशी होती जी बसवंतरावांपाशी नव्हती. दर वैशाखात मठाचे महाराज आगगाडीनं सेलूला येत आणि तिथून त्यांना जिंतुरात आणण्याचा मान रेवणप्पांच्या घरच्या दमणीचा असे. आजोबांपासूनचा मान. वर्षातला एकच दिवस, पण उरलेलं वर्ष रेवणप्पा त्याच दिवसावर काढत.

यंदा बसवंतरावांनी हैदराबादेहून मोटार आणली.

तिचा कापडी टप मागं दुमडत असे, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण तिला डिकी होती. डिकीचं झाकण ओढलं की आतून चामड्याची बैठक निघे, झाकणाचंच टेकण होई, आणि तिथं बसलेली माणसं साऱ्या पेठेला दिसत, वारा खात जात. खुद्द तहसीलदारसाहेब पुढची जागा सोडून त्या डिकीत बसले आणि “क्या बात है” म्हणाले, त्या दिवशी रेवणप्पांनी भाकरी परत पाठवली. संध्याकाळी मोटार दुकानासमोरून जाऊ लागली की ते रस्त्याकडे पाठ करून बसत आणि तराजूच्या घासलेल्या पितळी पारड्यात तिला बघत. पारड्यात ती वाकडी दिसे, एवढंच समाधान.

महाराजांना यंदा मोटारीतून आणावं असं बसवंतराव पंचांपुढं म्हणाले. रेवणप्पा उभे राहिले. नुसतेच उपरण्याचं टोक पिळत राहिले. पंचांनी दोघांना सारखंच नाखूश करणारा निवाडा दिला. सेलूपासून देवगाव फाट्यापर्यंत मोटार, फाट्यापासून जिंतूरपर्यंत दमणी. पुढच्या साली काय ते महाराजच सांगतील.

म्हणून ही झडप. म्हणून मागच्या फळीला बिजागऱ्या: कडी काढली की फळी अलगद खाली येई आणि तिच्या पोटातून दोन पायऱ्या निघत, कारण महाराजांचे गुडघे धरले होते. सामान ठेवायच्या जागेत वाळा घातलेला माठ, हिसक्यानं सांडू नये म्हणून लाकडी कड्यात बसवलेला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आसन. ते आसन दमणीच्या तळाला टेकलेलंच नव्हतं. छपराच्या वाशांना चार दोरांनी टांगलेलं होतं, पाळण्यासारखं. खड्ड्याचा दणका चाकाला बसेल, तळाला बसेल, महाराजांना बसणार नाही.

“आवो, एकदा बसून तरी बगा,” चन्नबसम्मा म्हणाल्या.

“गुरूच्या आसनावर आधी मी बसू?”

“मंग मुंजाजीला बसवा.”

“म्या कशाला, मावशी?” मुंजाजी घाईनं बाहेर आला. “नरकात माझी जागा हाय आधीच. तिथंच बसंन.”

शेवटी महाराजांच्या वजनाच्या अंदाजानं ज्वारीचं एक पोतं आणलं. रेवणप्पांनी त्याला नवं कापड पांघरून आसनावर ठेवलं आणि दमणी नदीपर्यंत नेऊन आणली. पोतं संथपणे झुलत गेलं आणि झुलत आलं. पडलं नाही, कलंडलं नाही.

“बग, कसं आरामात बसलंय,” रेवणप्पा म्हणाले.

“व्हय,” चन्नबसम्मा म्हणाल्या. “पोत्याला मानवलं.”

फाट्यावर मोटार आली तेव्हा उन्हं चढायला लागली होती. बसवंतराव आधी उतरले, मग त्यांनी महाराजांना उतरवलं. मोटारीची पायरी उंच होती. महाराजांनी दोन्ही हातांनी दार धरलं आणि उतरताना “शिव शिव” म्हणाले. रेवणप्पांनी ते ऐकलं आणि मनात जपून ठेवलं. मग त्यांनी पुढं होऊन दमणीची कडी काढली. फळी खाली आली. पायऱ्या निघाल्या. जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. महाराज कुणाचा हात न धरता वर चढले आणि हसून म्हणाले,

“वा, रेवणप्पा! हे तर घरच झालं.”

रेवणप्पांनी बसवंतरावांकडे पाहिलं. बसवंतराव फळीकडे बघत होते.

गाडीवान सटवाजीनं बैल हाकले. रेवणप्पा महाराजांच्या पायाशी, पण तोंड मागं करून बसले. फळीवरून मागची सडक स्वच्छ दिसत होती. सडकेवर बसवंतरावांची मोटार होती. गुरूंच्या वाहनाच्या पुढं जायची रीत नव्हती, तेव्हा ती दमणीच्या मागून येत होती. चार हात यायची, थांबायची, घुरघुरायची, पुन्हा चार हात यायची.

“सावकाश, सटवाजी,” रेवणप्पा म्हणाले. “महाराज हायेत.”

सटवाजीनं कासरा ओढला. मोटार थांबली.

“आनखी सावकाश.”

“आप्पा, याच्याहून सावकाश म्हंजे बैल बसतील.”

रेवणप्पांना आपल्या लग्नातही इतकं सुख झालं नव्हतं. त्यांनी झडपेची दोरी ओढून आणखी वारा आत घेतला. वाऱ्याबरोबर वैशाखाचं ऊनही आत आलं, पण ते त्यांच्या अंगावर पडत नसल्यामुळं त्यांना कळलं नाही. मागं बसवंतरावांनी टोपी काढून घाम पुसला. मग मोटारीच्या नाकातून वाफ निघू लागली. आधी थोडी, मग डेगीतून निघावी तशी. मोटार सडकेच्या कडेला गेली आणि उभी राहिली. रेवणप्पा गुडघ्यावर उठून बघू लागले.

“रेवणप्पा,” पाठीमागून बारीक आवाज आला. “गाडी थांबवा.”

रेवणप्पांनी फाट्यापासून पहिल्यांदाच वळून पाहिलं. आसन उजवीकडे जात होतं, डावीकडे येत होतं. त्यावर महाराज दोन्ही हातांनी दोर धरून बसले होते. डोळे मिटलेले होते, आणि कपाळावरचं भस्म कुठं संपतं आणि चेहरा कुठं सुरू होतो ते ओळखता येत नव्हतं. झडपेतून उन्हाचा चौकोन नेमका त्यांच्या डोक्यावर पडला होता.

फळी खाली टाकताना रेवणप्पांच्या हाताला कडी सापडेना. महाराज पायऱ्यांवरून उतरले, थोडा वेळ जमिनीवर नुसते उभे राहिले, जमीन हलत नाही याची खात्री करून घेतल्यासारखे. मग त्यांनी विचारलं,

“या आसनावर माझ्या आधी कोण बसलं होतं?”

“कुनीच न्हाई, महाराज! आईशप्पत. फकस्त ज्वारीचं पोतं.”

“मग त्यालाच बसू द्या.”

ते सडकेकडेच्या कडुलिंबाखाली गेले आणि मुळीवर डोकं टेकून आडवे झाले. तोवर बसवंतरावही धापा टाकत येऊन पोचले होते. दोघं उपरणी सावरत, एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

“ऊन उतरलं की निघू,” महाराज म्हणाले.

“कशात, महाराज?” दोघांनी एकदमच विचारलं.

महाराजांनी डोळे उघडले नाहीत.

“कशातही,” ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

सटवाजीनं बैल सोडून सावलीला बांधले. रेवणप्पांनी झडपेची दोरी सोडली, झडप मिटली. आजोबांच्या वेळी या दमणीत नुसता कडबा अंथरून वर गोधडी टाकत, आणि आजोबा महाराजांकडे तोंड करून बसत, हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी आसनाला हात लावून ते थांबवलं.

“रेवणप्पा,” बसवंतराव मागं येऊन उभे होते. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. “पानी हाय का? मोटार लय तापली.”

रेवणप्पांनी कड्यातून माठ काढला. थेंबही सांडलेला नव्हता. दोघं सडकेनं मोटारीकडे चालत गेले. बसवंतराव मधेच म्हणाले,

“ती तुमची मागची फळी कुनी केली? मुंजाजीनं?”

“त्यानंच. कामून?”

“आमच्या मायला मोटारीत चढता येत न्हाई. आनल्यापासून एकदाबी बसली न्हाई ती. म्हनती, रेवणप्पाच्या दमणीला पायऱ्या करायलेत, तुझ्या डबड्याला काय हाय?” त्यांनी नाक ओढलं. “फाट्यापासून त्या फळीकडंच बघत आलो म्या.”

बसवंतरावांनी उपरण्यानं धरून मोटारीच्या नाकाचं बूच काढलं आणि महाराजांसाठी आणलेलं वाळ्याचं पाणी आत ओतलं. मोटार फुसफुसली. साऱ्या सडकेवर वाळ्याचा वास सुटला.

“मुंजाजीला सांगतो,” रेवणप्पा म्हणाले. “तुमच्याकडं येऊन जाईल.”

मग ते रिकामा माठ घेऊन मोटारीच्या मागच्या बाजूला गेले. डिकीचं झाकण उन्हानं चमकत होतं. इतक्या जवळून ते वाकडं दिसत नव्हतं. रेवणप्पांनी माठ खाली ठेवला, हात धोतराला पुसले, लिंबाखाली महाराज झोपलेत का आणि सटवाजी कुठं बघतोय ते पाहून घेतलं.

“बसवंतराव.”

“काय?”

“मोटार चालू नका करू. नुसतं हे झाकन उघडा. जरा बसतो.”