निळं कार्ड आणि हिरवी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. हिरव्या ताडपत्रीची, दोन बंदांची, एका अंगाला खिसा असलेली. माझी चेन आतापर्यंत तीनदा बदलली. मला चाकं नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली बॅग म्हटलं की लोक वाकून आधी चाकंच शोधतात.

वाशीमच्या बाजारात हेमसिंग नावाचे एक कारागीर होते. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं त्यांचं काम. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी मला बेतलं आणि दुहेरी दोऱ्यानं शिवलं. "फाटली तं माह्या नावानं बोंबल," असं त्यांनी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितलं. ते गिऱ्हाईक म्हणजे रिठदचे इंद्रभान. नुकतंच लग्न झालं होतं आणि सोबत अंजना होत्या. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं होतं, आणि नवे कपडे गाठोड्यात बांधून न्यायला अंजनाबाई तयार नव्हत्या. म्हणून मी आले.

मग काय विचारता! दरवर्षी दसरा आला की मी नागपूरला. आत पांढरी साडी, पांढरा सदरा, भाकरीचा डबा, चटणी, पाण्याची बाटली. बसमध्ये मला कुणी डोक्याखाली घेई, कुणी माझ्यावर लेकरू बसवी. पुढे त्यांचा मुलगा प्रसेनजित शिक्षक व्हायला शिकायला गेला, तेव्हा वसतिगृहात मी त्याच्या खाटेखाली दोन वर्षं काढली. त्याचं लग्न झालं, पल्लवी घरात आली. पिंकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात मीच होते. तिचं पहिलं दुपटं माझ्यातूनच निघालं. सांगायला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

पण अभिमानाचं काय घेऊन बसलात. घरात शाळेच्या पाठपिशव्या आल्या, जीपगाडीनं जाणं सुरू झालं, आणि एक दिवस मला जुन्या गोधड्यांनी ठासून माळ्यावर ढकललं. पाच वर्षं मी तिथं होते. उंदरानं माझा एक बंद कुरतडला. खाली सगळे हसतबोलत होते, आणि मला मात्र कुणी हाक मारत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात मला खाली काढलं, ते या कारणानं.

पल्लवी घरी शिलाईकाम करते. गावातल्या अर्ध्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे. एकदा पिंकीला शाळेत निबंध आला, 'मी पाहिलेले ठिकाण'. पिंकीनं नागपूर लिहिलं. आता चौथीत नागपूर, आधी तिसरीतही नागपूर. तिच्या वर्गातली अंजू समुद्र पाहून आली होती. तिनं लिहिलं की समुद्राचं पाणी सारखं पायाकडे येतं आणि परत जातं. पिंकीनं घरी येऊन विचारलं, "आई, खरंच परत जाते काय वं?"

पल्लवीनंही समुद्र पाहिला नव्हता. माहेर, सासर आणि नागपूर, एवढाच तिचा प्रवास. त्याच आठवड्यात वाशीमच्या एका प्रदर्शनात तिनं एक कूपन भरलं आणि चार दिवसांनी फोन आला. अभिनंदन! अकोल्याला हॉटेलात या, नवराबायको दोघं या, सुट्टीच्या योजनेची माहिती ऐका आणि एक प्रवासी बॅग मोफत घेऊन जा.

दोघांना बोलावलं होतं. पण रिठदहून अकोल्याला जायचं आणि म्हाताऱ्यांना घरी ठेवायचं, हे पल्लवीच्या मनातही आलं नाही. सहाजण निघाले. इंद्रभान, अंजना, प्रसेनजित, पल्लवी, पिंकी आणि तीन वर्षांचा धम्मपाल. सहाजणांची भाकर आणि धम्मपालचे कपडे पाठपिशवीत मावेनात. तेव्हा कुठे मी आठवले. गोधड्या काढल्या, फडक्यानं पुसलं, आणि तुटक्या बंदाला सुतळी बांधून मला जीपमध्ये टाकलं. मोठं मानाचं काम नव्हतंच ते, पण बाहेरची हवा लागली.

हॉटेलातला हॉल थंडगार होता. टेबलाटेबलाला एकेक जोडपं आणि समोर टाय लावलेला एकेक माणूस. कोपऱ्यात नव्या कोऱ्या लाल चाकांच्या बॅगा रांगेत उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी काय विचार केला असेल, ते मी ओळखलं.

आमच्या टेबलावर उत्कर्ष नावाचा तरुण होता. बिचाऱ्याला सहा खुर्च्या गोळा कराव्या लागल्या. पण बोलायला गोड. त्यानं समुद्राची चित्रं दाखवली. निळं पाणी, पांढरी खोली, खिडकीत दोन लेकरं. "मॅडम, पंचवीस वर्षं दर वर्षी सात दिवस तुमचे. हे निळं कार्ड. मुलांचं बालपण परत येत नाही. आणि ही किंमत फक्त आज पाच वाजेपर्यंत."

पल्लवीनं ते चित्र हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. माझ्या इतक्या जवळ बसली होती की तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती प्रसेनजितला हळूच म्हणाली, "मले दुसरं काही नको. सोनं नको, गाडी नको. मले पोराइले समुद्र दाखवाचा आहे. हे घेऊन टाकू न."

प्रसेनजित नाही म्हणू शकला नाही. बायकोनं लग्नानंतर मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. हप्ते पगारातून जाणार होते. त्यानं पेन काढलं. आणि मित्रांनो, खरं सांगते, मलाही वाटलं की घ्यावं. समुद्र मी तरी कुठे पाहिला होता?

तेवढ्यात इंद्रभान म्हणाले, "थांब बापू. पयले वाचू तं दे."

आता तुम्हाला एक रीत सांगायला हवी. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, रिठदच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे मांडी घालून ऐकतात. समजलं नाही तर कुणीही हात वर करून विचारायचं, आणि वाचणाऱ्यानं अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. तीस वर्षं तिथं वाचणारे इंद्रभानच. कागद म्हटला की तो असाच वाचायचा असतो, दुसरी तऱ्हा त्यांना ठाऊकच नाही.

"वाच बेटा," ते उत्कर्षला म्हणाले. "मोठ्यानं वाच, आमी आयकतो."

"काका, बावीस पानं आहेत. इंग्रजीत आहेत."

"मंग मराठीत सांगत जाय. आमाले घाई नाई."

आणि सहाचे सहाजण सरळ बसले. पिंकीनं हाताची घडी घातली. धम्मपालनंसुद्धा घातली. उत्कर्षनं कॉलर सैल केली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला इंद्रभान म्हणाले, "म्हंजे काय?" त्यानं अर्थ सांगितला. पाचव्या ओळीला अंजनाबाईंनी हात वर केला. तोही अर्थ सांगितला. दुसऱ्या पानाला शेजारच्या टेबलावरचं जोडपं खुर्ची वळवून ऐकू लागलं. सातव्या पानाला तीन टेबलं इकडे वळली होती. मोठे साहेब दुरून डोळे वटारत होते, पण इतक्या माणसांसमोर ते बोलणार काय? मला हसू आवरेना. माझी चेन थरथरली असेल तर नवल नाही.

नवव्या पानावर उत्कर्ष स्वतःच अडखळला. त्यानं ते मनात दोनदा वाचलं. मग म्हणाला, "निळं कार्ड... जुलै ते सप्टेंबर. या तीन महिन्यांतच सात दिवस."

अंजनाबाई म्हणाल्या, "अवं माय! तवा तं सोयाबीनचं निंदन, फवारनी. मास्तरची शाळा चालू. पल्लवीचे गनवेश नाई संपत. आन् ह्यायचा विहारातला ग्रंथ. जाईन कोन, बॅग काय?"

मी गेले असते, पण मला कोण विचारतं.

"दिवाळीत आन् मे महिन्यात नाई चालत काय?" प्रसेनजितनं विचारलं.

"त्याचं कार्ड वेगळं सर. लाल. दुपटीच्या वर आहे."

"पुढं वाच," इंद्रभान म्हणाले.

बाराव्या पानावर खोलीत दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं, एवढंच लिहिलं होतं. चौदाव्या पानावर दर वर्षी देखभालीचे पैसे भरायचे होते, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. सोळाव्यावर होतं, खोली रिकामी असेल तर मिळेल. उत्कर्षचा आवाज बारीक होत गेला. शेवटी पान खाली ठेवून तो म्हणाला, "काका, हे मी पहिल्यांदाच पूर्ण वाचून राह्यलो. आमाले फक्त चित्रं शिकवली होती." बोलता बोलता त्याची बोली आपल्या घरावर आली. तो आमच्याच भागातल्या इंझोरी गावचा निघाला.

अंजनाबाईंनी माझी चेन उघडली, भाकरी आणि ठेचा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. "खाय बेटा, घसा सुकला तुहा." साहेब बघत असताना त्यानं ते खाल्लं. शेजारच्या जोडप्यानं आपला कागद घडी करून परत दिला. निघताना उत्कर्षनं एक लाल बॅग उचलून आमच्याकडे आणली. "हे तुमचं आहे. आल्याबद्दल देऊ म्हनलं होतं, सहीबद्दल नाई."

प्रसेनजितनं पेन खिशात ठेवलं. पल्लवीनं ते चित्र टेबलावर पालथं ठेवलं आणि बाहेर गेली.

जीपची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो होतो. पल्लवीचे डोळे भरून आले. ती कधी सासऱ्यांना उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "बरोबरच वाचलं बाबा तुमी. माहीत आहे मले. पन आता सारे म्हनान, फसलो असतो, वाचलो. आन् समुद्राचं नाव कोनी नाई काढनार. मंग पिंकी पाचवीत बी नागपूरच लिहीन."

इंद्रभान माझ्या सुतळीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "पल्लवी, म्या कागदाले नाई म्हनलं. समुद्राले कवा नाई म्हनलं वं?"

पल्लवीनं मान वर केली.

"सदुसष्ट वर्षांचा झालो. ग्रंथ वाचतो तवा समुद्र लय खेपा येते त्याच्यात. लोक इचारते, समुद्र म्हंजे काय. म्या सांगतो, लय मोठं पानी. पाह्यलेलं थोडी आहे! अंदाजानं सांगतो." त्यांनी नाक ओढलं. "मले बी पाह्याचा आहे ना."

मित्रांनो, चौतीस वर्षं मी त्या माणसाच्या खांद्यावर होते. मला हे माहीत नव्हतं. अंजनाबाईंनाही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं.

"मंग काहून बोलले नाई इतक्या वर्षांत?" त्या म्हणाल्या.

"कोनी इचारलं नाई," ते म्हणाले.

पल्लवी रडता रडता हसली. जीप आली तोवर ठरलंसुद्धा. सोयाबीन घरात आलं की दिवाळीच्या सुट्टीत निघायचं. सहाच्या सहा जण. आधी महाडला चवदार तळं बघायचं, मग तिथून श्रीवर्धनचा समुद्र. कार्ड नाही, हप्ता नाही. या वर्षी एवढंच, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

घरी आल्यावर पल्लवीनं मला मशीनवर घेतलं. उंदरानं खाल्लेला बंद उसवून टाकला आणि गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा चौपदरी नवा बंद लावला. हेमसिंगच्या टाक्यांवर बोट फिरवून म्हणाली, "काय शिवलं होतं बापा त्या मानसानं." इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं. मी ते पुरवून पुरवून आठवते.

दिवाळीत निघालो तेव्हा लाल बॅगही आली होती सोबत. मी तिच्यावर जळत होते, हे कबूल करते. रेल्वेत आणि फलाटावर तिनं फार तोरा मिरवला. पण किनाऱ्यावर पोचलो आणि वाळूत तिची चाकं रुतली. प्रसेनजितला तिला डोक्यावर घ्यावं लागलं. मी मात्र इंद्रभानच्या खांद्यावर डुलत चालले होते. नंतर तिची मला दया आली. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं की जगात वाळू असते.

पिंकी धावत पुढे गेली. पाणी तिच्या पायाकडे आलं आणि परत गेलं. "आई, खरंच जाते वं!" ती ओरडली. धम्मपाल घाबरून आजीला चिकटला. अंजनाबाईंनी लुगडं खोचलं. पल्लवी पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली.

इंद्रभाननी मला कोरड्या जागी ठेवलं, धोतर वर घेतलं आणि सुनेशेजारी जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं चुकीचा अर्थ सांगितला वं पल्लवी. पुढच्या वर्षावासात सुधारून सांगाव लागन."

तर मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल तर तिला खाली काढा. चेन चालते का बघा, बंद शिवून घ्या. जुन्या वस्तूला थोडा टाका घातला की ती पुष्कळ दूर येते. आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही एकदा विचारा, तुम्हाला काय बघायचं राहिलंय म्हणून. ते आपणहून सांगत नाहीत.

आता मी माळ्यावर नाही, दाराजवळच्या खुंटीवर आहे. माझ्या बाजूच्या खिशात अजून श्रीवर्धनची वाळू आहे. अंजनाबाई झाडायला निघाल्या होत्या, पण पल्लवीनं त्यांचा हात धरला.