श्वासासकट

"लक्ष्मणराव, कीबोर्ड आमच्याकडं हायच की. तुम्ही तुमची बासरी पाठवा."

तात्यासाहेबांचा व्हॉइस मेसेज तेवढाच होता. पप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि बासरी फडक्यात गुंडाळायला घेतली. माझे तर कानच गरम झाले. सकाळभर खपून केलेलं माझं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग, आणि त्याला कीबोर्ड म्हणायचं!

पप्पा वाळूजला कंपनीत मशीनवर असतात आणि सुट्टीच्या दिवशी तात्यासाहेबांच्या गाण्यांच्या ग्रुपमध्ये बासरी वाजवतात. म्हणजे, वाजवायचे. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यातून ते निम्मे होऊन आले. दवाखान्यानं श्वासाच्या व्यायामाचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढला की तीन गोळ्या वर चढतात. दोन चढायच्या. तिसरी कधी चढायची, कधी बसूनच. मम्मीनं ते टीव्हीशेजारी मांडलं होतं, आणि पप्पांची तब्येत कशी आहे हे ती पप्पांकडे बघून नाही, त्या तिसऱ्या गोळीकडे बघून ठरवायची.

तोवर ग्रुपमधल्या कीबोर्डवाल्यानं बासरीचं बटण शोधून पप्पांची जागा भरून काढली होती. तात्यासाहेब म्हणाले होते, आधी घरून वाजवून पाठवा, मग रविवारच्या कार्यक्रमाचं बघू. पप्पा म्हणाले, राहू दे. मी म्हणाले, मी करते. यंदा गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून माईक ही आपल्या हातातली गोष्ट आहे असं मला वाटायला लागलं आहे.

पहिलं ॲप सुरांच्या मध्येच जाहिरात दाखवायचं. दुसऱ्यात इतके ट्रॅक, की अख्खं बँडपथक बसेल. आमच्याकडे बासरीवाला एकच. तिसरं साधं निघालं. एक लाल बटण, आणि खाली नको तो आवाज पुसायची पट्टी. पप्पांनी वाजवलं, मी हेडफोन लावून ऐकलं, मग परत ऐकलं. बासरीच्या मागे सतत एक 'सूंऽऽ'. पप्पांची छाती. तात्यासाहेबांनी हे ऐकलं तर संपलंच. मी कुणाला काही न बोलता पट्टी शेवटपर्यंत ओढली. सूं गेलं, बासरी एकदम गुळगुळीत झाली, मी पाठवून दिलं.

आणि आता हे.

"पप्पा," मी म्हणाले, "तुमच्या छातीचा आवाज येत होता. मी पुसला."

मम्मी कणकेचा हात तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग पप्पा हळूच म्हणाले, "आधीचं ठेवलंस का? लाव."

मी फोनवरच मोठ्यानं लावलं. बासरी, मागे सूंऽऽ. मम्मीनं टीव्हीशेजारच्या गोळ्यांकडे बघितलं. गाणं संपलं. रेकॉर्डिंगमधले पप्पा म्हणाले, "झालं का गं? बंद कर आता," आणि त्या बोलण्याच्या खालीसुद्धा सूं चालूच. पप्पा खाकरले, तरी चालूच.

बोलता बोलता, खाकरता खाकरता माणूस सूं कसा करेल?

मी मान वर केली. खिडकीत कूलर. होळी झाली की तो लागतो, तो जूनपर्यंत, आणि आमच्या घरात तो कुणालाच ऐकू येत नाही. मी उठले आणि बटण बंद केलं. घर असं शांत झालं, की शेजारच्यांच्या कुकरची वाफ ऐकू आली.

मम्मी दारातच खाली बसली. "कूलर व्हय ते? मेल्यानं जीव घेतला माझा," असं म्हणून ती हसायला लागली, आणि कणकेच्या हातानंच डोळे पुसायला लागली. पप्पांनी फडक्यातून बासरी परत काढली.

मग आम्ही खिडक्या लावल्या, पंखाही बंद केला. फुंकर थेट लागू नये म्हणून फोन जरा बाजूला, उशीवर ठेवला. पुसायची पट्टी शून्यावर. क्वालिटी सगळ्यात वरची, फाईल केवढी का होईना. पप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ओळ कुठं तुटली नाही. फक्त दोन ओळींच्या मधे त्यांनी श्वास ओढलेला स्वच्छ ऐकू येत होता. तेवढा कापू का, मी विचारलं.

"राहू दे. श्वास घेतल्याबिगर कोण वाजवायलंय?"

व्हॉट्सॲप आवाज दाबून पाठवतं, म्हणून या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. निळ्या खुणा आल्या. कूलर लावायचं कुणाला सुचेना. तिघंही घामानं भिजून फोनकडे बघत बसलो. शेवटी मेसेज आला. पप्पांनी मलाच लावायला सांगितला.

"श्वास ऐकू आला, लक्ष्मणराव. रविवारी या. पांढरा सदरा घाला, सगळे पांढऱ्यात हायेत."

पप्पा नुसतं "बरं" म्हणाले, जणू तात्यासाहेब समोरच बसले आहेत. मग पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री आहे का, ते बघायला कपाटाकडे गेले.

मम्मीनं कूलर लावला. हात धुतले, टीव्हीशेजारचं ते गोळ्यांचं खेळणं उचललं, पदरानं पुसलं, आणि स्टुलावर चढून माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे ठेवून दिलं.