अठ्ठावीस दिवसांची ऊब

"दार हळू उघडायचं गं, पोरींनो. आत कुणीतरी घडत असतं."

मित्रांनो, मी ऐकलेले हे पहिले वाक्य. बोलणारा सुतार होता आणि माझा भुसा अजून त्याच्या हातांना चिकटलेला होता. मी एक जुनी उबवणीची पेटी आहे. मोडक्या कपाटाच्या फळ्या, समोर काच, बाजूला दार, आत दोन दिवे, पाण्याची पत्र्याची थाळी आणि एक तापमापक, एवढाच माझा संसार. सुताराने मला आपल्या दोन मुलींसाठी बनवले.

थोरली चौदा वर्षांची. बदकाची अंडी ती माझ्यात मांडायची, दिवसातून चारदा फिरवायची आणि फिरवताना गुणगुणायची:

फिरव गं अंडं, फिरव गं बाई,
एका कुशीवर निजवू नाही.

एकाच कुशीवर राहिला तर आतला जीव कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी अंडे दिव्यासमोर धरले की लाल धाग्यांचे जाळे दिसे आणि त्यात एक काळा ठिपका. तो डोळा. कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांत येते, बदकाला अठ्ठावीस लागतात. ओलीचिंब आलेली पिल्ले माझ्या उबेत सुकून कापसासारखी फुलत आणि दोन महिन्यांत पिसे लेवून, डुलत डुलत डबक्याकडे जात. "सुताराच्या पेटीला आईचं पोट आहे," असे शेजारी म्हणत. मीही जरा फुगत असे. लाकूडच ते.

मग ती दुपार आली. थोरली परीक्षेला गेली होती. चार अंड्यांना बारीक भोके पडली होती. आठ वर्षांची धाकटी काचेला नाक लावून किती वेळ बसली. काही हलेना, तेव्हा तिने माझे दार उघडले आणि नखाने एकेक कवच सोलले. तिला मदत करायची होती, दुसरे काही नाही. पण आतल्या पातळ पडद्यात रक्त अजून वाहत होते. चारही पिल्ले निपचित पडली. थोरली परतली तेव्हा धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "पेटी फार तापली होती."

सुताराने दिव्यापासून थाळीपर्यंतचे अंतर पुन्हा पुन्हा मोजले. "माझंच माप चुकलं असेल," तो म्हणाला. पुढे त्याने दारे केली, खाटा केल्या, पण ज्यात जीव ठेवायचा असे काही केले नाही. मी सारे पाहिले होते. पण मला दार आहे, तोंड नाही. मी माळ्यावर गेले. बावीस वर्षे माझ्या डोक्यावर रंगाचे रिकामे डबे होते.

यंदा थोरलीचे अंड्यांवर बसलेले बदक तेराव्या दिवशी कुत्र्याने नेले. सहा अंडी अजून कोमट होती. दुसरा उपाय नव्हता. तिने मला उतरवले, पुसले, पण विश्वास ठेवला नाही. तासातासाला तापमापक बघे. बातमी कळताच धाकटी पिशवी घेऊन हजर झाली. म्हातारा सुतार माझ्याशेजारी स्टुलावर बसून राही, मला हात मात्र लावत नसे.

सत्ताविसाव्या दिवशी एका अंड्याला भोक पडले. मग काहीच नाही. रात्र गेली, दुसरी सकाळ गेली. थोरलीने चिमटा उचलला.

"गुदमरेल ते आता. या पेटीनं आधीही दगा दिलाय."

धाकटी माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "थांब, ताई."

"सरक. मोठी डॉक्टरीण आलीय. बदकांच्या वाटेला तरी गेलीस का कधी?"

"काचेतून टॉर्च मार. भोकाच्या कडेला लाल रेघा दिसताहेत ना? ते रक्त आत जायचंय. उरलेला बलक पोटात जायचाय. विसावा घेतंय ते."

"आणि मेलं तर?"

"तर जन्मभर मला बोल."

थोरलीने चिमटा खाली ठेवला नाही. धाकटी हलली नाही. आतली चिवचिव मंदावत गेली. मी माझी ऊब धरून राहिले, साडेसदतीस अंश, एक रेघ इकडे नाही की तिकडे. माळ्यावरचे ते डबे मला आठवत होते.

टक.

लाल रेघा फिकट झाल्या होत्या. पिल्लू आतल्या आत वळत होते आणि चोचीवरच्या टणक दाण्याने कवच गोल कापत होते. टोपण उचलले गेले. एक ओली मान बाहेर आली, पडली, पुन्हा उठली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा.

मित्रांनो, कवचाबाहेरून करायचे एवढेच असते, ऊब द्यावी, ओलावा द्यावा आणि नख आवरावे.

सुताराने बावीस वर्षांनी पहिल्यांदाच माझ्या फळीवर तळवा टेकला.

"या खेपेला माप जमलं म्हणायचं," तो म्हणाला.

धाकटी त्याच्या पायाशी खाली बसली. "बाबा, माप तेव्हाही बरोबर होतं. पेटी तापली नव्हती. कवचं मी सोलली होती."