मूसची तंगडी वाहणारी पिशवी

होय मित्रांनो, मी जुनी आहे आणि डागाळलेलीही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला नाक मुरडायचे त्याने आत्ताच मुरडून घ्यावे. शिकारीचे मांस रानातून घरी आणणारी मी पिशवी. माझ्यावरचे डाग मूसच्या रक्ताचे आहेत. मूस म्हणजे आमच्या थंड उत्तरेकडच्या यूकॉन नदीकाठचे घोड्याहून उंच हरीण. त्याची एक मागची तंगडी उचलताना दोन माणसांना घाम फुटतो. अशा तंगड्या मी बावीस वर्षे पोटात घेऊन आणल्या आहेत.

मला लॉरेटाने शिवले. कापड घेताना तिने दुकानातच ते तोंडासमोर धरून फुंकर मारली. फुंकर आरपार जायला हवी, पण माशीला आत घुसता येता कामा नये, हा तिचा हिशेब. शेवटी जाड मांजरपाट पसंत पडला. माप घ्यायला टेप सापडेना, तेव्हा तिने नवऱ्याला, सायलसला, भिंतीला टेकवून उभे केले आणि त्याच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत कापड धरून कात्री चालवली. दुहेरी शिवण घातली, तोंडाला नाडी ओवली. अशा आम्ही सहा जणी झालो.

दर शरदात आम्ही रानात जायचो. परत आल्यावर लॉरेटा आम्हाला आधी गार पाण्यात भिजवायची, मग उकळायची. वासाचा साबण तिने कधी लावू दिला नाही. गावातली म्हातारी माणसे नदीकाठी येऊन आमच्या पोटातली तंगडी बघायची आणि म्हणायची, "वरून कशी कोरडी खडखडीत आहे बघा." ती शाबासकी सायलसला मिळायची. पण ती खरी कोणाची होती ते मला ठाऊक होते.

मग सायलस गेला. त्या वर्षी कोणी रानात गेले नाही आणि आम्ही पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो.

वर्ष भरत आले तसे लॉरेटाने त्याच्या आठवणीचे गावजेवण ठरवले. आमच्याकडे अशा जेवणात पहिले ताट गेलेल्या माणसाचे असते. ते अग्नीत घालतात, म्हणजे त्याला पोचते. लॉरेटाने एकच गोष्ट धरून ठेवली होती. सायलसच्या ताटात ताजा मूस हवा. डब्यातले मांस वाढून त्याला निरोप द्यायची तिची तयारी नव्हती.

शिकारीला तिचा धाकटा भाऊ एल्डन शहरातून आला. आम्हाला पेटीतून निघताना बघून तो हसला.

"ताई, ही पोतेरी घेऊन जाऊ? गाव हसेल मला."

"गाव मांस खाईल. पिशवी कोण खातंय?"

"मी नव्या आणल्यात. एकदम हलक्या. वापरायच्या आणि फेकायच्या. धुणं नाही, उकळणं नाही."

"माप बघितलंस का?"

"पाकिटावर हरणाचं चित्र आहे की."

"हरणं काय एकाच मापाची असतात?" लॉरेटा म्हणाली आणि आम्हा सहाही जणींना तिने बोटीत टाकले.

ती वळताच एल्डनने पाच जणींना उचलून काठावर ठेवले. मी वाचले ती माझ्या कर्तृत्वाने नव्हे. सायलसचे ऐंशी वर्षांचे मोझेसमामा माझ्यावर बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. बोट निघाली तशा माझ्या पाच बहिणी काठावर लहान लहान होत गेल्या. मला भयंकर राग आला. बावीस वर्षांची चाकरी, आणि निकाल एका पाकिटावरच्या चित्राने लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूस मिळाला. एल्डनचा नेम चांगला होता, ते मी नाकारणार नाही. पण तंगडी नव्या पिशवीत घालायला गेला तर ती गुडघ्याशीच अडकली. जोर लावला तशी पिशवी टर्रकन उभी फाटली. दुसरीचेही तेच झाले. माश्यांना तर निमंत्रणच मिळाले. मग त्याने कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या काढल्या.

"त्यात नको घालूस," मोझेसमामा म्हणाले. "मांस गरम आहे अजून. गुदमरेल. हाडापासून आंबायला लागेल."

"मामा, उद्या तर घरी पोचतोय आपण. का माश्यांना देऊ सगळं?"

"लॉरेटानं पिशव्या दिल्या होत्या ना?"

एल्डन तंगडीवरच्या माश्या हाकलू लागला. मामा बोटीत जाऊन मला घेऊन आले. "आणि बाकीच्या?" त्यांनी विचारले. एल्डन सुरी पुसत राहिला.

मी तोंड उघडले आणि अख्खी मागची तंगडी पोटात घेतली. एक टाका हलला नाही. मामांनी मला सावलीत आडव्या खांबाला टांगायला लावले आणि खाली ओल्या फांद्यांचा धूर केला. त्या वर्षी सप्टेंबरचे ऊन चमत्कारिक तापत होते. वारा माझ्यातून जात होता आणि मांसाची ऊब बाहेर काढत होता. पलीकडे बोटीच्या तळाशी काळ्या पिशव्या आतून घामेजल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा लॉरेटा काठावरच उभी होती. तिने पहिली काळी पिशवी उघडली, हाडाजवळ नाक नेले आणि तोंड फिरवले. दुसरी उघडली. तिसरी उघडली. बरगड्या आंबल्या होत्या, मान आंबली होती, दोन तंगड्या हाडापर्यंत गेल्या होत्या. फाटक्या पिशवीतल्या तंगडीला माश्यांनी अंडी घातली होती. खरवडून तिच्यातले थोडेच उरले. एवढे मोठे जनावर वाया घालवणे म्हणजे आमच्याकडे त्याचा अपमान.

शेवटी तिने माझी नाडी सोडली. तंगडी कोरडी होती, वरून काळसर लाल. तिने सांध्याला नाक लावले आणि दोनदा खोल वास घेतला.

"ही सायलसची," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "पाच कुठं आहेत?"

"इथंच काठावर ठेवल्या होत्या. मीच काढल्या."

"म्हणजे कुत्र्यांनी फाडलेल्या त्या चिंध्या आपल्याच. का काढल्यास?"

"लाज वाटली त्यांची."

"आता कशाची वाटतेय?"

एल्डनने त्या आंबलेल्या ढिगाकडे बघितले आणि तो उपसायला वाकला.

गावजेवण झाले. शेजाऱ्यांनी सामन मासा आणला, रानबेरी आणल्या. माझ्या पोटातल्या तंगडीचा पहिला तुकडा सायलसच्या ताटात पडला आणि लॉरेटाने ते ताट एल्डनच्याच हाती देऊन अग्नीत घालायला लावले. मग रस्सा वाढायलाही त्यालाच उभे केले. तुकडे इतके बारीक का, असे ज्याने ज्याने विचारले, त्याला त्याला एल्डनने खरे सांगितले. "मी मांस नासवलं. हे उरलं ते त्या जुन्या पिशवीनं राखलं."

पुढच्या आठवड्यात तो मांजरपाट घेऊन बसला. मला टेबलावर पसरून, माझेच माप धरून, त्याने पाच पिशव्या शिवल्या. लॉरेटाने त्याला दोनदा शिवण उसवायला लावली. मी निवांत पडून बघत होते, आणि खोटे कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

मित्रांनो, आता मी हात जोडून "मला जपा" म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. मी म्हणणार नाही. पिशवी निवडायची असेल तर फुंकर मारा, शिवण ओढून बघा, आपल्या जनावराच्या मापाशी ताडून बघा, आणि काम झाले की गार पाण्यात धुवा. सायलसचे ताट रिकामे गेले नाही. ज्या पिशवीने ते भरले, ती सांभाळण्याची विनंती करत नसते. सांभाळले जाणे हा तिचा हक्क असतो.