रिजेक्ट एक्सलची कैफियत

मित्रांनो, मला जरा हातात घेऊन बघा. जड वाटलो ना? मी एक्सल आहे, गाडीचं चाक ज्याच्या आधारानं फिरतं तो पोलादी दांडा. पण माझ्यावर चाक कधी चढलंच नाही. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात, फळीवर पडून मी म्हातारा झालो. आता कुणी माझं कौतुक केलं तरी आधी मनात येतं, ह्याला माझ्याकडून काय हवंय?

हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा. मी अजून नुसता पोलादाचा तुकडा होतो तेव्हाच जयवंतशेठनी मला ग्राइंडरवर धरलं, ठिणग्यांवरून पोलादाची जात पारखली आणि मगच दुकानदाराच्या शब्दाला मान हलवली. शेठ पूर्वी गिरणीत फिटर होते. संपात गिरणी बंद पडली, तेव्हा जुनं लेथ मशीन घेऊन त्यांनी हे वर्कशॉप टाकलं. एकदा पायाखालची फळी निसटलेला माणूस पुढच्या प्रत्येक फळीवर आधी पाय आपटून बघतो, तसे ते होते.

मला घडवलं ते दशरथकाकांच्या गाडीसाठी. अंधेरीला, आपल्या गॅरेजच्या मागच्या अंगणात काका एक बुटकी स्पोर्ट्स गाडी हातानं बांधत होते. अख्ख्या मुंबईत तशी एकच. तिचे भाग बाजारात मिळणार कुठून? एकेक भाग आमच्याकडे लेथवर कातला जायचा. कातायचा कुंडलिक. त्याचा हात इतका हलका, की बाळाचं जावळ काढावं तसा तो माझ्या अंगावरचा पापुद्रा उतरवायचा.

शहाऐंशी सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. वर्कशॉपात हत्यारांची पूजा झाली होती. शेठच्या बायकोनं, रत्नप्रभावहिनींनी, लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलं होतं. कुंडलिक पूजेला नव्हता. तो आई शांताबाईंना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. दर दसऱ्याला जायचा, सांगून जायचा.

तो परतला त्या सकाळी शेठ म्हणाले, "मायक्रोमीटर मी तपासलाय, झिरो बरोबर आहे. तू काम लाव. काका डोक्यावर बसलेत."

मायक्रोमीटर म्हणजे जाडी मोजायचं चिमुकलं हत्यार. वस्तू तोंडात धरायची आणि आकडा वाचायचा; रिकामं तोंड मिटलं की झिरो दिसायला हवा. कुंडलिकनं तो पुसायला फडकं उचललं. कुंकू पाहिलं. त्याचा हात तिथंच थांबला आणि फडकं खाली गेलं. मला तेव्हाच शंका आली. हा रोज पुसतो, आज का नाही?

मापात उतरलो म्हणून मला अंधेरीला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी काका मला काखोटीला मारून परत हजर.

"जयवंता, काय रे हे? बेअरिंग ह्याच्यावर ठोकून बसवायचं असतं. ते सैल बांगडीसारखं आत गेलं! घाटात जरा वेग घेतला की चाक एका दरीत आणि मी दुसरीत."

काका गेल्यावर शेठ कुंडलिकवर वळले. "नागपूरची झोप उतरली नव्हती वाटतं?"

"मापात होता, शेठ. तुम्हीपण मोजलात ना."

"मोजताना होता. मागाहून पॉलिश मारून कुणी उतरवला?"

"मी कशाला उतरवू?"

"तुला काय रे! पूजेला थांबायला नको, हत्यारांना हात जोडायला नको. तुला त्यांचं काही वाटतच नाही."

कुंडलिकनं अंगातला ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला. "तसं वाटत असेल तर दुसरा माणूस बघा," म्हणाला आणि गेला.

शेठनी दुसरा एक्सल स्वतः कातला. त्याच मायक्रोमीटरनं चारचारदा मोजला. तोही सैल निघाला! मग त्यांचा संशय काकांच्या बेअरिंगवर गेला. त्यावरून दोघांची अशी जुंपली, की काका ओरडले, "उद्या म्हणशील माझी गाडीच चोरीची!"

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. शेठचा घास हातातच. "पोलादवालाच फसवतोय बघ."

"कुंडलिक झाला, काका झाले, आता पोलादवाला. उद्या माझी पाळी का?" वहिनी हसल्या. मायक्रोमीटर उचलून म्हणाल्या, "हा तरी सुटला बिचारा. एवढंसं पिल्लू सगळ्यांत. दसऱ्याला मी ह्याच्या तोंडालापण कुंकू भरवलं."

शेठनी घास डब्यात टाकला. मायक्रोमीटर उजेडात नेला. तेलाखाली, जिथं माप घेतलं जातं नेमकं तिथं, वाळलेल्या कुंकवाचा पातळ थर होता. तेवढाच आकडा फुगत होता आणि तेवढेच आम्ही बारीक कातले गेलो होतो.

"झिरो तर मी बघितला होता..." ते पुटपुटले. मग खाली बसले. "पूजेच्या आधी."

दुसऱ्या दिवशी कुंडलिक आला, तो आपली घासून ठेवलेली हत्यारं न्यायला. शेठनी त्याला तो थर दाखवला.

"तू रोज पुसतोस, मग त्या दिवशी का नाही पुसलंस रे?"

"पूजेचं कुंकू मी पुसलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता, शेठ?"

डबा घेऊन आलेल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. शेवटी शेठनी फडकं पुढे केलं. "चुकलं माझं. घे, पूस."

"तुम्हीच पुसा. मी बघतो."

शेठनी पुसलं. फडकं लाल झालं, आकडा झिरोवर आला. मग कुंडलिकनं खिळ्यावरचा ॲप्रन काढला. त्यानं कातलेल्या तिसऱ्या एक्सलवर बेअरिंग हलक्या ठोक्यांनी घट्ट बसलं. काकांची गाडी घाट चढून, उतरून आली म्हणे. मी पाहिली नाही.

पुढे रोज सकाळी कुंडलिक मायक्रोमीटर पुसताना हाक मारायचा, "शेठ, बघताय ना?" शेठ खाली मान घालून म्हणायचे, "पूस रे बाबा." वर्षं गेली तरी ती हाक थांबली नाही. म्हणून सारं विसरलं गेलं असं मी म्हणत नाही.

मित्रांनो, मला गंज चढतोय, कधीमधी तेलाचं बोट फिरवा. हत्यार वापरण्याआधी पुसत जा, ते कितीही लाडाचं असो. आणि माणसावर संशय आला तर त्याला घालवून देण्याआधी एवढं विचारा: बाबा रे, माझ्याकडे काम करताना तुला कशाची भीती वाटते?